भासऱ्याच्या पाठीवर हात

एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही. भात शिजेपर्यंत चुलीपुढे बसते खरी, पण तेवढ्यातही माझे पाय आतल्या आत चालतच असतात. आता गुडघे गेले तरी स्वभाव गेला नाही. लेकी चिडतात, म्हणतात, आई, तू बस म्हणजे आम्हालाही बसता येईल. मी तरी काय करू? ज्या घरात नांदले तिथे पहिली काही वर्षं मला सारखं उठावंच लागे. जरा कुठे टेकले की अंगणातून खाकरणं ऐकू यायचं, आणि ते ऐकू आलं की हातातलं टाकून दाराआड पळायचं.

हे खाकरणं माझ्या भासऱ्यांचं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्याच्या बायकोनं त्याला शिवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि शक्यतो समोर यायचंच नाही. चुकून लुगड्याचा काठ लागला तरी दोघांनी आंघोळ करायची. ही रीत कुणी घालून दिली ते मला माहीत नाही. मी माहेराहून, वैनगंगेच्या पलीकडून आले तेव्हा ती सिंदेवाहीजवळच्या त्या घरात माझ्या आधीच येऊन बसली होती. इथे मी कुणाचं नाव घेत नाही. त्या घरात नावं घ्यायची सवयच लागली नाही.

सासरे वारले होते, त्यामुळे घराचे कर्ते भासरेच. मोठं अंग, मोठा आवाज, बोलणं कमी. अंगणात पाय टाकण्याआधी ते घसा खरवडून खाकरायचे, म्हणजे बायकांनी आवरून घ्यावं. माझ्याशी बोलायचं नाही, पण सांगायचं तर असायचंच. मग ते गोठ्यातल्या गोऱ्ह्याशी बोलत. "काऊन रे, आज भाजीत मीठ जास्त झालं काय?" असं गोऱ्ह्याला विचारलं की ते मला होतं. मी उत्तर म्हणून आत भांडं आपटायची. एवढाच आमचा संवाद. तो मला पुरत नव्हता, आणि तो वाढवायचा मार्गही नव्हता. जीव नुसता उकडायचा.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. त्या सुमाराला आमच्या भागात विकास योजनेची माणसं फिरू लागली होती. त्यातली एक ग्रामसेविका, चष्मा लावणारी, पांढरं पातळ नेसणारी, गावोगावच्या बायका गोळा करायची. शाळेच्या पडवीत आमचा मेळा भरला. सासूबाईंनी मला जाऊ दिलं ते भाज्यांचं बी मिळणार म्हणून. मी गेले ते घरातून सुटका म्हणून. बिनधुराची चूल, बाळाला उकळलेलं पाणी, साप चावल्यावर काय करू नये, असं सगळं तिनं सांगितलं. बायका जांभया देत होत्या. मग ती म्हणाली, "घशात घास अडकला तर काय कराल?"

"भाताचा गोळा गिळायला देऊ," बायका एका सुरात म्हणाल्या. त्यात काय विचारायचं, असाच सूर होता. आमच्याकडे तळ्यातली मासळी रोजची. घशात काटा रुतला की कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, त्याच्याबरोबर काटा खाली जातो, हे आम्ही आईच्या मांडीवर शिकलेलो. आणि ठसका लागला तर टाळूवर थापटून "वर पाह्य, वर पाह्य" म्हणायचं. ठसका म्हणजे कुणीतरी आठवण काढली असणार, असं मानायचं.

ती बाई कपाळाला हात लावायचीच बाकी होती. म्हणाली, "काटा वेगळा आणि श्वासनळीत अडकलेला घास वेगळा. माणूस खोकत असेल तोवर खोकू द्या, हात लावू नका. आवाज बंद झाला, श्वास येईना, की मात्र बघत उभं राहायचं नाही. भात नाही, पाणी नाही, मान वर करायची नाही. पुढे वाकवायचं, एका हातानं छातीला आधार द्यायचा, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं पाठीच्या दोन फऱ्यांच्या मधे जोरात मारायचं. लहान मूल असेल तर मांडीवर पालथं घालून." मग तिनं विचारलं, "कोण करून दाखवतं माझ्यावर?"

सगळ्या एकमेकींच्या मागे लपल्या. मी उठले. बसून बसून पायांना मुंग्या आल्या होत्या, हे खरं कारण. तिला पुढे वाकवलं आणि दिला तळवा ठेवून. चष्मा उडून पडवीखाली गेला. बायका पोट धरून हसल्या. ग्रामसेविका पाठ चोळत म्हणाली, "मारायचं असंच, पण ज्याला अडकलंय त्याला." त्यानंतर कित्येक दिवस गावातल्या बायका मला पाहिलं की पाठ वळवून पळायच्या, गंमत म्हणून.

ते धानकापणीचे दिवस होते. थोरल्या जाऊबाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या. नवरा आणि मजूर तळ्यापलीकडच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. घरी सासूबाई आणि मी. एका दुपारी भासरे एकटेच घरी जेवायला आले, बैलाच्या पायाला लागलं म्हणून त्याला गोठ्यात बांधायला आणलं होतं. खाकरणं ऐकलं, मी ओसरीवर ताट मांडलं आणि आत गेले. सासूबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. सकाळी तळ्यावरची ढिवरीण, म्हणजे कोळीण, येऊन धानाच्या बदल्यात उकडलेले शिंगाडे देऊन गेली होती. भासऱ्यांना शिंगाडे फार आवडायचे. टरफल काढायचं आणि अख्खा गर तोंडात टाकायचा, ही त्यांची पद्धत. त्या दिवशी त्यांनी जेवतानाच शिंगाडे सोलायला घेतले, आणि तोंडात शिंगाडा असतानाच अंगणातल्या आईला बैलाबद्दल सांगू लागले.

मधेच म्हणाले, "आई, भात पाह्यजे."

सासूबाई अंगणातून ओरडल्या, "धाकटे, भात वाढ वो!"

भात वाढायचीही रीत होती. मी गंज, म्हणजे भाताचं पातेलं, घेऊन उंबऱ्यात यायचं, ते भिंतीकडे तोंड करायचे, मी वाढून मागे सरायचं. मी गंज घेऊन उंबरा ओलांडला आणि ते खोकले.

मी मागे सरले. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप वळले. ते पुन्हा खोकले. माझं डोकंच फिरलं. भात मागायचा, आणि घेऊन आले की खाकरून हाकलायचं. "गेले ना बाप्पा, गेले," मी दाराआड पुटपुटले. आणखी एकदा खोकल्याचा आवाज आला, पण तो खोकला धड नव्हता, घशात काहीतरी खरडल्यासारखा. मग काहीच नाही.

मी गंज धरून उभी. खाकरल्यानंतर ते नेहमी काहीतरी बोलायचे, आईशी नाहीतर गोऱ्ह्याशी. आज बोलले नाहीत. ती शांतता मला सोसेना. फटीतून डोकावले. भासऱ्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला होता. डोळे बाहेर आले होते. तोंड उघडं, पण त्यातून हवाही येत नव्हती की आवाजही नाही.

एवढ्यात सासूबाईंनीही पाहिलं. त्या धावत ओसरीवर आल्या. "ठसका लागला काय? वर पाह्य, लेका, वर पाह्य!" त्यांनी हनुवटी धरून त्यांची मान मागे केली आणि टाळूवर थापट्या मारू लागल्या. काही होईना तेव्हा ताटातल्या भाताचा गोळा वळून तोंडाशी नेला. "गिळ, कोरडाच गिळ, काटा जाते खाली."

"आत्याबाई, भात नोका देऊ!" मी दाराआडून ओरडले.

"तू आंदर राह्य!" त्या म्हणाल्या, आणि गोळा त्यांच्या तोंडात कोंबू लागल्या. भासरे मानेनं नाही नाही म्हणत होते. त्यांचा हात भिंतीवर खरवडत होता.

मी आत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही, पण मला तो फार वाटला. नवऱ्याला हाक मारावी तर तो तळ्यापलीकडे. शेजारचा कुणी पुरुष बोलवावा तर सगळं गाव धानात. भासऱ्यांचे ओठ जांभळे पडत चालले. त्या घरात मी त्यांचा चेहरा कधी धड पाहिला नव्हता, आणि पहिल्यांदा पाहिला तो असा. मग गंज कधी खाली पडला ते मला कळलंच नाही. त्याचा आवाज झाला तेवढा आठवतो.

मी सासूबाईंना बाजूला ढकललं. भासऱ्यांच्या मागे गुडघ्यावर बसले, डावा हात त्यांच्या छातीला आडवा लावला, सगळं वजन टाकून त्यांना पुढे वाकवलं. तोंडातला भात खाली पडला. पहिले फटके मी भीतभीतच मारले. हात उठायचा, पण पाठीजवळ जाऊन ढिला पडायचा, कारण ती पाठ भासऱ्याची होती. त्यानं काही होईना. मग मला राग आला. खरंच सांगते, भलता राग आला. त्यांच्यावर, त्या दारावर, आडोशाला उभं राहून वाया गेलेल्या माझ्या वर्षांवर. आणि मग मी मारलं ते मारलं. ग्रामसेविकेला मारलं होतं त्याच्या दुपटीनं. शिंगाड्याचा अख्खा गर उडून वरणाच्या वाटीत पडला, आणि भासऱ्यांच्या घशातून कोरड्या रहाटासारखा आवाज करत श्वास आत गेला.

त्याच वेळी शेजारीण विस्तव मागायला आली होती. तिला दिसलं ते एवढंच, धाकटी सून डोक्यावरचा पदर ओसरीवर लोळत असताना भासऱ्याला मागून कव घालून बडवते आहे आणि सासू भिंतीला टेकून रडते आहे. ती विस्तव न घेताच गेली.

भासऱ्यांचा श्वास सुरळीत व्हायला बराच वेळ लागला. डोळे पुसले, आणि मग त्यांची नजर खाली गेली. माझा हात अजून त्यांच्या छातीवरच होता. मी तो चटका बसावा तसा काढला. ते उठले, तोल जाता जाता सावरले, आणि विहिरीवर जाऊन धोतरासकट आंघोळ केली. मग मी परसात आंघोळ केली. सासूबाईंनी ओसरी शेणानं सारवली. सारवताना रडत होत्या, आणि रडता रडता मला बोलत होत्या. "लेक वाचला माझा," म्हणायच्या, आणि लगेच, "पण आता लोकाईले काय सांगू मी?"

लोकांना सांगायची वेळच आली नाही. "धाकटीनं भासऱ्याले बडवलं," हे संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या प्रत्येक बाईला ठाऊक झालं. काहींनी त्याला जोडही दिली. कुणी म्हणे भांडण झालं, कुणी म्हणे ते काही बोलले असतील, आणि जे म्हणायचं नसतं तेही काहीजणी म्हणाल्या. खरं सांगायला मी प्रत्येकीच्या दारी जायला निघाले होते. सासूबाईंनी हात धरून बसवलं. मी बसले, पण कशाची बसते.

खरी गोष्ट पुढे झाली. भासरे जेवेनात. पहिल्या दिवशी वाटलं घसा सोलला असेल. मग दुसरा दिवस तसाच, तिसराही तसाच. ताट मांडलं की ते पाहायचे आणि उठायचे. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या हातचं नको असेल, मी रांधते. त्यांनी रांधलं, तरी तेच. फक्त लोटाभर पेज घेऊन ते गोठ्यात जायचे आणि तिथे गोऱ्ह्याजवळ बसून घोट घोट प्यायचे. गोऱ्ह्याशी बोलणंही बंद. अंग उतरू लागलं. कामं मात्र तशीच करत होते, आणि एवढ्या मोठ्या माणसाला पेंढीचा भार उचलताना धाप लागायची.

घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला. माझ्या शिवण्याचा त्यांनी विटाळ धरला आहे. माझ्यामुळे घरातलं अन्न त्यांना वर्ज्य झालं आहे. मी वाचवलेला माणूस माझ्यामुळेच उपाशी मरतो की काय, या विचारानं माझ्या जिवाला थारा नव्हता. उखळात धान घातलं तर तांदळाची कणी होईपर्यंत कांडत राहायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. भाकरी करपायच्या. कुठून कुठे जात होते आणि काय शोधत होते, मलाही कळत नव्हतं.

नवऱ्याला मी खळ्यावर गाठलं. मळणी चालली होती, बैलांच्या मागे तो फिरत होता, आणि मी त्याच्या मागे. म्हटलं, "तुम्ही विचारा ना त्यांना, काऊन जेवत नाहीत."

"मी कसा विचारू? दादापुढं माह्या तोंडातून शब्द निघत नाई."

"मग मी विचारू?"

"अव, गप राह्य ना!" तो घाबरून म्हणाला. माझा नवरा भला माणूस होता, पण भलेपणाचा मला त्या दिवशी काही उपयोग नव्हता. तो बैलांमागे फिरत राहिला, मी परत आले.

शेवटी जातीतली जाणती माणसं ओसरीवर येऊन बसली. भासरे त्या वेळी बांधीत होते. म्हाताऱ्यांनी सासूबाईंना सांगितलं, रीत मोडली आहे, कर्ता माणूस अन्न सोडून बसला आहे, तेव्हा धाकटीला काही दिवस माहेरी ठेवा. धान घरात आलं की दोघांनी नदीवर आंघोळ करायची, गावाला जेवण द्यायचं, मग आणा तिला. बोलणं गोड होतं. पण आमच्या गावात एक बाई अशीच काही दिवसांसाठी माहेरी गेली होती, आणि तिच्या जागेवर दुसरी येऊन तिची मुलं शाळेत जाऊ लागली होती. मला ते ठाऊक होतं. सासूबाईंनाही ठाऊक होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि मला कळलं की आता हे घर माझं राहील की नाही, ते कुणीच बोलत नसल्यामुळे ठरून जाणार आहे.

माहेरी बाबांना निरोप गेला. ते खासर, म्हणजे छकडा, जुंपून आणि तो बैलांसकट नावेवर चढवून वैनगंगा ओलांडून आले. माझ्यासारखेच तापट. अंगणात उतरल्या उतरल्या मला म्हणाले, "पोरगी मारते मनून आयकलं. कोनाले मारलं, आन काऊन?" मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले, पण पंचांपैकी एक म्हातारा ओसरीवर बसलेलाच होता. मुलीच्या बापानं मुलीच्या सासरी आवाज चढवायचा नसतो. "लुगडी बांध," एवढंच म्हणाले.

मी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, एक फणी, लग्नातला आरसा. बांधायला काही नव्हतंच, म्हणून सोडून पुन्हा बांधलं.

पाहुणा जेवल्याशिवाय जायचा नाही. सासूबाईंनी वरण-भात केला, वांग्याची भाजी केली. बाबा, म्हातारे पंच आणि भासरे अशी तीन ताटं ओसरीवर लागली. भासरे बसले ते पाहुण्याच्या मानासाठी. मी दाराआड गाठोड्याजवळ उभी. नवरा अंगणात उगीच बैलांच्या वेसणी तपासत होता.

बाबांनी पहिला घास हातात घेतला आणि थांबले. घरधन्यानं ताटाला हात लावला नव्हता. भासरे भाताकडे पाहत बसले होते. बाबांचा घास ताटात परत गेला. दारातून मला त्यांची मान ताठ होताना दिसली. पोरगी परत पाठवायची, आणि वर तिच्या बापाबरोबर जेवायचंही नाही, हा अपमान ते सोसणारे नव्हते. ते उठणारच होते.

"इवाई, उठू नोका," भासरे म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "तुमी जेवा. मी जेवत नाई मनून रागावू नोका. मले गिळता येत नाई."

"घसा दुखते काय?" बाबांनी विचारलं.

"घसा बरा झाला कवाचाच. भेव वाटते."

ज्या माणसाच्या आवाजाला अख्खं घर दचकायचं त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटतं, त्यानंही तो आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असेल.

"घास तोंडात घेतला का तो दिवस आठवते," ते ताटाकडे पाहतच म्हणाले. "सारं काळं होऊन राह्यलं होतं. मी मरून राह्यलो हे मले समजत होतं, पन कोनाले सांगता येत नोतं. आई मने वर पाह्य, आई मने गोळा गिळ. मंग पाठीवर हात पडला."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पन शिवली ना तुमाले," म्हातारे पंच म्हणाले.

"शिवली मनून इथी बसलो हावो. नाईतं तुमी माह्या तेरवीले जेवून गेले असते." भासऱ्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तिले धाडून राह्यले तुमी. उद्या पुन्हा अडकला तं कोन मारन? तुमी? तुमी तं आगुदर रीत इचाराल."

"पन भाऊ, तूच तं अन्न सोडलं. पोरगी शिवली मनून सोडलं, असं आमाले वाटलं."

"कोनी इचारलं काय मले?"

कुणीच विचारलं नव्हतं. मग ते जे बोलले ते त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. "धाकटी घरात असली का पेज तरी उतरते. गोठ्याच्या भिंतीपलीकडं तिचं भांडं वाजते, तेवढं आयकू आलं का मी पेतो. ती पान्याले गेली का घोटही जात नाई."

मी दाराआड भिंतीला टेकले. गोठ्याची भिंत आणि माझ्या चुलीची भिंत एकच होती. मला वाटत होतं हा माणूस माझ्यापासून लांब जाऊन बसतो. तो जवळ येऊन बसत होता. इतके दिवस मी त्या घरात वेड्यासारखी फिरत होते, आणि माझ्या प्रत्येक फेरीगणिक भिंतीपलीकडे कुणीतरी घोट अडवून धरत होतं. मला एकदम रडू आलं, आणि रडू येतंय म्हणून पुन्हा रागही आला.

"मंग आता कसं करतू?" सासूबाईंनी विचारलं.

"तिले मना, दाराआड नोको. माह्या मांगं येऊन उभी राह्य."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पंचांनी पाहिलं. नवरा अंगणात वेसण हातात धरून उभा होता. कुणी ये म्हटलं नाही आणि कुणी नकोही म्हटलं नाही. मी डोक्यावर पदर घट्ट ओढला आणि उंबरा ओलांडून बाहेर आले. दिवसाढवळ्या, चार माणसांदेखत, भासऱ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, हात पोचेल एवढ्या अंतरावर. म्हाताऱ्यांनी खाली पाहिलं. ते उठून जातील असं मला वाटलं होतं, पण ते बसून राहिले.

भासऱ्यांनी भाताचा लहानसा घास घेतला. सदऱ्याखाली त्यांची पाठ थरथरत होती, ते तिथून फक्त मला दिसत होतं. त्यांनी तो घास बराच वेळ चावला. थांबले. डोळे मिटले असावेत. मी हाताचा तळवा उघडून धरला होता, तो अजून उचलला नव्हता. मग त्यांच्या मानेची शीर हलली आणि घास खाली गेला.

त्यांनी दुसरा घास घेतला. बाबांनी आपल्या ताटाला हात लावला आणि अंगणात माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावई, बैल सोडा. पानी पाजा त्याइले. मी उद्या एकटाच जातो."